इम्रे केर्तेस : दोन राजवटींचा कादंबरीकार

इम्रे केर्तेस यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९२९ रोजी बुडापेस्टमध्ये झाला आणि ३१ मार्च २०१६ रोजी त्याच शहरात त्यांचे निधन झाले. साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले हंगेरियन लेखक. २००२ साली हा सन्मान जाहीर झाला तेव्हा जगातल्या बहुतेक वाचकांच्या कानावर हे नाव पडलेले नव्हते. हंगेरीतही स्थिती फारशी वेगळी नव्हती. त्यांचा सर्वांत मोठा वाचकवर्ग जर्मनीत होता. ज्या भाषेतल्या आज्ञा ऐकत केर्तेस यांनी वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी मरण जवळून पाहिले, त्याच भाषेच्या वाचकांनी त्यांना सर्वांत आधी ओळखले.

केर्तेस यांची ओळख ‘छळछावणीतून वाचलेला लेखक’ अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. नाझींच्या छावण्यांत त्यांचे जेमतेम एक वर्ष गेले. कम्युनिस्ट हंगेरीत चाळीस वर्षे गेली. पहिल्या अनुभवाचा अर्थ आपल्याला दुसऱ्या अनुभवामुळे लागला, असे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितले आहे. माणूस अत्याचार सहन कसा करतो, हा त्यांचा खरा विषय नव्हेच. माणूस अत्याचाराशी जुळवून कसा घेतो, रोज थोडे थोडे करून त्याला आपल्या दिनक्रमात कसा बसवतो, याचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला. तो विषय त्यांना सापडला बुडापेस्टच्या सरकारी कचेऱ्यांत, रेशनच्या रांगांत आणि एका खोलीच्या घरात.

केर्तेस यांचे घराणे मध्यमवर्गीय ज्यू. वडील इमारती लाकडाचा व्यापार करीत. इम्रे लहान असतानाच आईवडील विभक्त झाले आणि मुलाची रवानगी वसतिगृहाच्या शाळेत झाली. घरात धर्माचे पालन नावापुरतेच होते. हिब्रू त्याला येत नव्हती, यिद्दिशही नाही. बुडापेस्टच्या पुष्कळ ज्यू कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही स्वतःला आधी हंगेरियन समजत होते. पण कायदे तसे समजत नव्हते. १९४० साली माध्यमिक शाळेत प्रवेश मिळाला तो ज्यू मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या तुकडीत.

१९ मार्च १९४४ रोजी जर्मन सैन्याने हंगेरी ताब्यात घेतली. मित्रराष्ट्राने मित्रराष्ट्रावर चाल करून येण्याचा हा प्रकार होता, कारण हंगेरी तोवर हिटलरच्याच बाजूने लढत होती. एप्रिलमध्ये ज्यूंवर पिवळी चांदणी लावण्याची सक्ती आली आणि १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत सुमारे ४,३७,००० लोकांना देशाबाहेर नेण्यात आले. त्यांतले बहुसंख्य ऑश्विट्झला गेले. हे काम जर्मनांच्या हुकमाने झाले असले तरी गावोगावी घरे रिकामी करून माणसे गाड्यांत कोंबणारे हात हंगेरियन सशस्त्र पोलिसांचेच होते. हंगेरीने ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षे उघडपणे बोलून दाखवली नाही, आणि केर्तेस यांच्या पुस्तकांना मायदेशात जो थंड प्रतिसाद मिळाला त्यामागे हे मौनही होते.

खेड्यापाड्यांतले आणि लहान शहरांतले ज्यू आधी नेले गेले. राजधानीची पाळी येण्यापूर्वीच, जुलैच्या सुरुवातीला, राज्यप्रमुख मिक्लोश होर्ती यांनी वाहतूक थांबवली. बुडापेस्टमध्ये राहणारा चौदा वर्षांचा मुलगा म्हणूनच त्या उन्हाळ्यात वाचायला हवा होता. पण केर्तेस यांना शहराच्या हद्दीपलीकडच्या चेपेल भागात तेलशुद्धीकरण कारखान्यात कामाला जावे लागत असे. कामाचा परवाना खिशात होता. जूनअखेरच्या एका सकाळी पोलिसांनी बस अडवून पिवळी चांदणी लावलेल्यांना खाली उतरवले, त्यांत हा मुलगाही होता. तिथून वीटभट्टीचे आवार, मालगाडी, ऑश्विट्झ. काही दिवसांत बुखेनवाल्ड, आणि तिथून त्याची उपछावणी असलेले त्साइत्स. लिग्नाइट कोळशापासून कृत्रिम इंधन बनवणाऱ्या तिथल्या कारखान्याला कैद्यांची मजुरी हवी होती.

बुखेनवाल्डच्या स्मारकाच्या संचालकांनी नोबेल जाहीर झाल्यावर केर्तेस यांना एका कागदाची प्रत पाठवली. छावणीतल्या कैद्यांच्या दैनंदिन नोंदींपैकी १८ फेब्रुवारी १९४५ चे ते पान होते. संख्येतून वजा झालेल्यांच्या रकान्यात नोंद होती : कैदी क्रमांक ६४,९२१, इम्रे केर्तेस, कारखाना कामगार, जन्म १९२७. म्हणजे मृत. नोंदीतली जन्मसालाची आणि व्यवसायाची माहितीही खोटी, आणि ती खुद्द त्यांनीच दिलेली. लहान मुलांच्या घोळक्यात ढकलले जाऊ नये म्हणून दोन वर्षे वाढवलेली, आणि उपयोगी माणूस दिसावे म्हणून विद्यार्थ्याचा कामगार झालेला. स्टॉकहोमच्या नोबेल व्याख्यानात त्यांनी या कागदाविषयी श्रोत्यांना सांगितले. थोडक्यात, एकदा आपण मेलो आहोत ते जगता यावे म्हणून, आणि आपली गोष्ट कदाचित एवढीच आहे, असा त्यांचा सूर होता. स्वतःविषयी बोलताना त्यांचा आवाज नेहमी असाच कोरडा असे, किंचित थट्टेचा.

एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्ड मुक्त झाले आणि केर्तेस बुडापेस्टला परतले. १९४८ मध्ये शालेय शिक्षण संपवून त्यांनी ‘व्हिलागोश्शाग’ या दैनिकात पत्रकारी सुरू केली. त्याच सुमारास देशाची सूत्रे मात्याश राकोशी यांच्या कम्युनिस्ट पक्षाने हातात घेतली. दैनिक पक्षाच्या ओळीवर आले आणि १९५१ मध्ये केर्तेस यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. काही काळ त्यांनी कारखान्यात काम केले, अवजड उद्योग मंत्रालयाच्या प्रसिद्धी विभागात लेखणी झिजवली, मग लष्करी सेवेचे बोलावणे आले. तिथे त्यांना लष्करी तुरुंगात पहारेकरी नेमले गेले. कालचा कैदी आज कोठडीच्या बाहेरच्या बाजूला उभा! ही नेमणूक फार टिकली नाही, पण तिचा ठसा टिकला. कैद्याच्या जागी असताना जी यंत्रणा दिसली होती, तीच यंत्रणा आता किल्ल्या हातात देत होती, आणि त्या घेण्यासाठी माणसाने मुळात दुष्ट असण्याची गरज नव्हती.

१९५३ नंतर केर्तेस यांनी पुन्हा कायमची नोकरी धरली नाही. त्याच वर्षी त्यांची अल्बिना यांच्याशी भेट झाली. राकोशींच्या राजवटीत स्थानबद्धता भोगून त्या नुकत्याच बाहेर आल्या होत्या. लग्नानंतर दोघे बुडा भागातल्या त्योर्योक रस्त्यावरच्या एका अगदी लहान घरात राहू लागले. अल्बिना उपाहारगृहात वाढपिणीचे काम करून घर चालवीत. केर्तेस पैशांसाठी रंगभूमीला हलक्याफुलक्या संगीतिका आणि विनोदी नाटके लिहून देत. पुढे त्यांत जर्मनमधून अनुवादांची भर पडली : नीत्शे, फ्रॉइड, हॉफमनस्टाल, श्निट्झलर, योझेफ रोथ, विटगेनस्टाइन, कानेटी. सरकारमान्य लेखकाला मिळणारी घरे, विश्रामगृहे, परदेश दौरे यांतले काहीही त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांनीही त्यासाठी हात पुढे केला नाही. १९५६ च्या उठावानंतर दोन लाखांच्या आसपास लोक सीमा ओलांडून गेले. तेव्हाही केर्तेस राहिले, कारण त्यांना लिहायचे होते आणि लिहिण्याची भाषा इथलीच होती.

लेखक होण्याचा क्षण त्यांनी नेमका सांगितला आहे. १९५५ च्या सुमारास ते एका सरकारी इमारतीच्या काटकोनात वळणाऱ्या रिकाम्या व्हरांड्यात कोणाची तरी वाट पाहत उभे होते. पलीकडच्या व्हरांड्यातून पावलांचा आवाज येऊ लागला. पावले एकाच माणसाची होती, पण ऐकता ऐकता ती शेकडो, हजारो माणसांच्या संचलनासारखी वाटू लागली, आणि आपणही त्या रांगेत शिरावे, तिच्याबरोबर वाहत जावे, अशी अनावर ओढ त्यांना वाटली. भीती वाटली नाही, ओढ वाटली. झुंडीत विरघळून जाण्यात केवढे सुख असते ते कळले आणि त्याच क्षणी आपण त्या रांगेबाहेर राहायला हवे हेही. प्रचारसाहित्यात हुकूमशाहीचा चेहरा नेहमी उग्र दाखवतात. केर्तेस यांना तिचे मोहक रूप दिसले होते. आल्बेर काम्यू यांची एक छोटी कादंबरी १९५७ मध्ये त्यांच्या हाती लागली. काम्यू यांचा अलिप्त निवेदक आणि टॉमस मान यांची शिस्त हे दोन धडे त्यांनी त्या काळात गिरवले.

१९६० मध्ये पहिल्या कादंबरीला हात घातला आणि ती संपायला १९७३ उजाडले. तिचे हंगेरियन नाव ‘शोर्शतलनशाग’. मराठीत ‘नियतीहीनता’ म्हणता येईल. तेरा वर्षे लागली ती आळसामुळे नाही. या विषयावर तोवर जे लिहिले गेले होते, त्याचा सूर त्यांना वापरायचा नव्हता. आठवणी सांगणारा प्रौढ माणूस घडून गेलेल्या गोष्टींचा शेवट जाणून असतो. म्हणून तो सुरुवातीपासूनच हळहळतो, संतापतो, इशारे देतो. केर्तेस यांनी चौदा वर्षांच्या द्युरी क्योवेशला निवेदक केले आणि पुढच्या पानावर काय आहे हे त्याला कळू दिले नाही. त्याला ‘छळछावणी’ म्हणजे काय हे माहीत नाही. ऑश्विट्झच्या फलाटावर पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतले कैदी दिसल्यावर हे कोणी गुन्हेगार असावेत असे त्याला वाटते. निवड करणारा जर्मन डॉक्टर त्याला विश्वासू चेहऱ्याचा दिसतो. एक कैदी कानाशी पुटपुटतो, वय सोळा सांग. तो सांगतो, का ते न समजता.

यातला मोठा भाग प्रत्यक्ष अनुभवाचा आहे, पण ही आत्मकथा नाही, असे केर्तेस आग्रहाने म्हणत. ऑश्विट्झच्या फलाटावरची पहिली वीस मिनिटे त्यांना लिहायला फार जड गेली. वाचलेल्या इतर माणसांच्या आठवणींत ती वीस मिनिटे दोन-चार वाक्यांत उरकलेली असत : दार उघडले, आरडाओरडा, कुत्री, वाताहत. तेव्हा त्यांनी पोलिश लेखक तादेउश बोरोव्स्की यांच्या कथा वाचल्या आणि नाझी सैनिकांनीच टिपलेली, गाडीतून उतरलेल्या लोकांची छायाचित्रे पाहिली. त्या छायाचित्रांत हसऱ्या मुद्रेच्या बायका होत्या, तरतरीत डोळ्यांचे तरुण होते, सगळे सहकार्याला उत्सुक. लोकांनी आपल्याच आठवणींतून ही वीस मिनिटे का गाळली ते त्यांना तिथे कळले. ती सांगायची तर आपण किती सहज, किती शहाण्या मुलांसारखे पुढे सरकलो तेही सांगावे लागले असते.

म्हणून कादंबरीत काळ उड्या मारत नाही. मुलगा वाचकाला प्रत्येक पायरीवरून चालवतो. त्याला प्रत्येक गोष्टीचे कारण पटत जाते, कधीकधी कौतुकही वाटते. फुलांचे ताटवे नीटनेटके आहेत, अंघोळीची व्यवस्था बरी आहे. वाचकाला पुढचे ठाऊक असते, मुलाला नसते, आणि या दोघांच्या मधल्या जागेत भीती साठत जाते. हे तंत्र आज अनेकांनी उचलले आहे, पण बहुतेकांच्या हाती ते गोड भाबडेपणावर जाऊन थांबते. केर्तेस यांचा द्युरी भाबडा नाही. तो तर्कशुद्ध आहे, आणि तेच जास्त अस्वस्थ करणारे आहे. त्साइत्समध्ये बंदी त्सित्रोम नावाचा अनुभवी कैदी त्याला जगण्याच्या रीती शिकवतो : रोज अंग धुवायचे, भाकरीचा तुकडा उद्यासाठी राखायचा. हळूहळू त्याचाही निभाव लागेनासा होतो. गुडघा सडतो, इच्छा मरते. मरणाऱ्यांच्या ढिगातून हातगाडीवरून बुखेनवाल्डला नेले जात असताना नाकात सलगमच्या साराचा वास शिरतो आणि या सुंदर छावणीत आणखी थोडे जगावे असे त्याला वाटून जाते. मुक्तीच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून स्वातंत्र्याची घोषणा होते, तेव्हा हा आजारी मुलगा चिंतेत असतो, कारण जेवणाची वेळ टळून गेली तरी सार आलेले नसते. रात्री दाट सार शिजवले जाणार असल्याचे जाहीर झाल्यावर मग तो निवांतपणे स्वातंत्र्याचा विचार करू लागतो.

शेवटच्या प्रकरणात मुलगा बुडापेस्टला परततो. ट्रॅममध्ये तिकिटाला पैसे नाहीत; एक पत्रकार ते काढून देतो आणि छावण्यांच्या नरकाविषयी विचारू लागतो. मुलगा सांगतो, नरक मला माहीत नाही, छावणी माहीत आहे. नरकाची कल्पनाच करायची तर तिथे माणसाला कंटाळा येत नसावा. छावणीत मात्र येई, ऑश्विट्झमध्येसुद्धा. पत्रकाराला हे वेदनेचे चमत्कारिक रूप वाटते. तो पत्ता लिहून देतो, लेखमाला करू म्हणतो. मुलगा तो कागद फेकून देतो. आपल्या घरात दुसरेच लोक राहत असतात. शेजारचे दोन म्हातारे भेटतात. वडील गेल्याचे कळते. ते म्हणतात, सगळे विसरून नव्याने सुरुवात कर. त्यांच्या बोलण्यात सगळे ‘आले’ : चांदणी आली, वाहतूक आली. मुलगा वाद घालतो. नुसते आले नाही, आपणही गेलो. फलाटावर प्रत्येक माणसाला आपली पाळी येईपर्यंत दहा-वीस मिनिटे रांगेत उभे राहावे लागत होते आणि रांग पुढे सरकली की प्रत्येकजण आपले पाऊल आपणच टाकत होता. नियती असेल तर स्वातंत्र्य नाही, आणि स्वातंत्र्य असेल तर नियती नाही. आपण स्वतःच आपली नियती, असे तो म्हातार्‍यांना सांगू पाहतो. म्हातारे चिडतात. गुन्हा आम्ही केला का, असे विचारतात. कादंबरी संपते ती छावणीतल्या आनंदाच्या उल्लेखावर. लोक भयाविषयी विचारतात, त्या आनंदाविषयी मात्र कोणी विचारत नाही, याची मुलाला खंत आहे. विसाव्या शतकाच्या युरोपीय गद्यात इतकी थंड आणि इतकी धाडसी अखेर फार थोड्या कादंबऱ्यांना साधली आहे.

हे हस्तलिखित पहिल्यांदा ‘मग्व्हेत्यो’ प्रकाशनाकडे गेले. १९७३ मध्ये नकाराचे पत्र आले. विषय भयंकर असूनही पुस्तक वाचकाला हलवत नाही, नायकाच्या प्रतिक्रिया विचित्र आहेत, वाक्यरचना ओबडधोबड आहे, असा त्याचा आशय. कम्युनिस्ट पक्षनेते यानोश कादार यांच्या काळातल्या सांस्कृतिक धोरणाचे तीन कप्पे होते : पुरस्कार, सहनशीलता आणि बंदी. छावण्यांवर लिहायला बंदी नव्हती. पण त्यात फॅसिस्ट खलनायक आणि त्याचा प्रतिकार करणारा वीर हवा होता. आपण होऊन रांगेत पुढे सरकणारा मुलगा कादारच्या हंगेरीला नको होता, कारण तिथे सगळेच रांगेत उभे होते. अखेर ‘सेपिरोदल्मी’ या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने १९७५ मध्ये पुस्तक छापले. जवळजवळ कोणीही दखल घेतली नाही. १९८३ मध्ये नाटककार-कादंबरीकार द्यर्द्य श्पिरो यांनी एका साहित्यिक साप्ताहिकात सविस्तर लेख लिहून या दुर्लक्षाकडे बोट दाखवले, तेव्हा कुठे १९८५ ला दुसरी आवृत्ती निघाली.

मधल्या काळात, १९७७ मध्ये, ‘नियोमकेरेशो’ म्हणजे ‘माग काढणारा’ ही दीर्घकथा आणि तिच्याबरोबर एक गुप्तहेरकथा असे एकत्र पुस्तक आले. दीर्घकथेत एक माणूस जुन्या घटनास्थळी येतो आणि पाहतो तो तिथे पर्यटनस्थळ झालेले. पुराव्याचा मागमूस नाही. गुप्तहेरकथा प्रकाशकाला पाने भरून हवी होती म्हणून झपाट्याने लिहिलेली. ती लॅटिन अमेरिकेतल्या एका काल्पनिक देशात घडते आणि तिचा निवेदक छळ करणाऱ्या पोलीस पथकातला, आता स्वतः शिक्षेची वाट पाहणारा कर्मचारी आहे. दूरचा देश निवडल्यामुळे ती सेन्सॉरच्या नजरेतून सुटली. दुय्यम दर्जाचे लेखन म्हणून ती बाजूला ठेवली जाते, पण पहारेकऱ्याच्या बाजूने पाहण्याचा धागा तिच्यातच प्रथम पकडलेला आहे.

तो धागा ‘कुदार्त्स’ (फजिती) या १९८८ च्या कादंबरीत पूर्ण विणला गेला. पहिल्या भागात ‘म्हातारा’ एवढ्याच नावाचा लेखक आपल्या खुराड्याएवढ्या खोलीत कपाटासमोर उभा राहून विचार करतो. खोलीतल्या प्रत्येक वस्तूचे वर्णन कंसात कंस, त्यात पुन्हा कंस असे येत राहते. कानात आवाज थोपवणारे मेणाचे गोळे, भिंतीपलीकडे शेजारणीचा रेडिओ. नकाराचे ते पत्रही कादंबरीत येते. भाग वाचायला कठीण आहे, काहीसा ताणलेलाही आहे. मग म्हातारा कादंबरी लिहू लागतो आणि तिच्यात क्योवेश नावाचा माणूस विमानातून एका परक्या शहरात उतरतो, जे हुबेहूब त्याच्याच शहरासारखे आहे. त्याला नोकरीवरून काढतात, कारखान्यात पाठवतात, मंत्रालयात बसवतात, तुरुंगात पहारेकरी करतात. तिथे एका कैद्याच्या थोबाडीत देण्याचा क्षण येतो आणि क्योवेशचा हात उठतो. पीडित असणे हे चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे, हे केर्तेस यांनी इथे आपल्याच आयुष्यातला तुकडा वापरून दाखवले. वर सांगितलेला व्हरांड्याचा प्रसंगही याच कादंबरीत येतो.

१९९० च्या ‘कद्दिश’मध्ये स्वर पूर्ण बदलतो. ‘कद्दिश’ ही मृतांसाठी म्हटली जाणारी ज्यू प्रार्थना. इथे ती कधी न जन्मलेल्या अपत्यासाठी आहे. सुरुवातच एका ठाम नकाराने होते आणि मग सगळे पुस्तक एकाच दमात, परिच्छेद न तोडता, गोल गोल फिरत जाते. ऑस्ट्रियन लेखक टॉमस बेर्नहार्ड यांचा ठसा त्यावर स्पष्ट आहे. निवेदक बायकोला मूल द्यायला नकार देतो. ज्या जगात ऑश्विट्झ घडू शकले त्यात आपल्या मुलाला आणायचे नाही म्हणून, आणि आपल्या वसतिगृहातल्या, वडिलांच्या धाकातल्या बालपणात त्याला ऑश्विट्झचीच छोटी आवृत्ती दिसते म्हणूनही. बायको त्याला सोडून जाते.

याच पुस्तकात ‘मास्तर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कैद्याची गोष्ट आहे. आजाऱ्यांना गुरांच्या डब्यांतून हलवले जात असते. शिधा एकदाच मिळतो, पुढचा कधी ते माहीत नाही. पडून राहिलेल्या मुलाचा वाटा मास्तरच्या हाती येतो आणि त्याच वेळी दोघांची ताटातूट होते. तो वाटा ठेवला तर मास्तर जगण्याची शक्यता दुप्पट. पण हा हाडांचा सापळा झालेला माणूस मुलाला शोधत परत येतो, वाटा छातीवर ठेवतो आणि मुलाच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहून रागावतो. तुला दुसरे काय वाटले होते, असा त्याचा सवाल. निवेदकाचे म्हणणे असे की ऑश्विट्झचे स्पष्टीकरण देता येत नाही हे खोटे. दुष्टपणाचे स्पष्टीकरण नेहमी देता येते : स्वार्थ, सत्ता, भीती, हाव. स्पष्टीकरण देता येत नाही ते मास्तरच्या कृतीचे. तत्त्वज्ञांच्या जाडजूड ग्रंथांना जमले नाही ते या दोन पानांनी केले आहे.

१९८९ मध्ये राजवट बदलली. ‘गायानाप्लो’ (गलबतावरची रोजनिशी) १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६१ पासून तीस वर्षांच्या नोंदी तिच्यात आहेत. कादंबरी लिहिताना शब्दांची निवड आणि रचना त्यांनी आधुनिक संगीतातल्या बारा स्वरांच्या पद्धतीसारखी कशी बांधली, हे या नोंदींतून कळते. ‘इंग्लिश निशाण’ ही दीर्घकथा १९५६ च्या बुडापेस्टमध्ये सुसाट गेलेल्या एका जीपविषयी आहे. जीपवर ब्रिटनचे निशाण, आतून हलणारा एक हात. नव्या स्वातंत्र्यावरही केर्तेस भाळले नाहीत. व्हिएन्नाला जाणाऱ्या गाडीत जकात अधिकाऱ्याला त्यांच्याकडे न सांगितलेले जादा ऑस्ट्रियन शिलिंग सापडले आणि त्यांना हेज्येशहालोम या सीमेवरच्या स्थानकावर उतरवले गेले. या १९९१ च्या किरकोळ प्रसंगावर त्यांनी ‘पंचनामा’ नावाची कथा लिहिली. गणवेशातला माणूस समोर येताच साठी ओलांडलेल्या लेखकाच्या अंगातला जुना कैदी कसा ताठ उभा राहतो, तेवढाच तिचा विषय. कादंबरीकार पेतर एस्तरहाझी यांनी तिला जोडकथा लिहिली आणि दोन्ही १९९३ मध्ये एकत्र छापल्या गेल्या.

या काळात केर्तेस युरोपभर व्याख्याने देऊ लागले. ऑश्विट्झ ही ज्यू आणि जर्मन यांच्यातली खाजगी भानगड नसून सबंध युरोपीय संस्कृतीची घटना आहे, अशी त्यांची मांडणी होती. स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘शिंडलर्स लिस्ट’ त्यांना मुळीच रुचला नाही. माणसाचे माणूसपण अखेरीस शाबूत राहिले असे जे दाखवते ते खोटे आहे, असे ते म्हणत. उलट रोबेर्तो बेनिन्यी यांच्या ‘लाइफ इज ब्युटिफुल’ची, त्यावर सगळीकडून टीका होत असताना, त्यांनी पाठराखण केली. त्यातला खेळ त्यांना छावणीच्या आतल्या तर्काला धरून वाटला. या दुसऱ्या मताशी सहमत होणे कठीण आहे. पण त्यांच्या विचाराशी ते सुसंगत नक्कीच होते.

जर्मनीत पहिल्या कादंबरीचा एक अनुवाद १९९० मध्ये येऊन विस्मरणात गेला होता. १९९६ मध्ये क्रिस्टिना व्हिराग यांचा नवा अनुवाद निघाला आणि पुस्तक हातोहात खपले. त्याच्या आदल्या वर्षी अल्बिना यांचे निधन झाले होते. १९९६ मध्ये केर्तेस यांनी माग्दा यांच्याशी दुसरा विवाह केला. नव्या शतकाच्या आरंभी त्यांचा मुक्काम मुख्यतः बर्लिनमध्ये होता आणि १० ऑक्टोबर २००२ रोजी नोबेलची बातमी त्यांना तिथेच मिळाली. इतिहासाच्या रानटी मनमानीपुढे व्यक्तीचा नाजूक अनुभव उभा करणारे लेखन, असा निवड समितीने गौरव केला. बुडापेस्टमध्ये पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. त्याच वेळी, हा हंगेरियन लेखक म्हणावा का, असा सूर काही राष्ट्रवादी वर्तुळांतून निघाला.

तेव्हा हातात असलेली ‘फेलसामोलाश’ (अवसायन) ही शेवटची कादंबरी २००३ मध्ये आली. बी. या नावाने ओळखला जाणारा लेखक ऑश्विट्झमध्ये जन्मला आहे. राजवट कोसळल्यावर तो आत्महत्या करतो. केशेर्यू हा त्याचा संपादक मित्र त्याची हरवलेली कादंबरी शोधत राहतो आणि ती बी.च्याच इच्छेवरून त्याच्या पूर्वपत्नीने जाळून टाकली आहे, असे निघते. बी.चे एक नाटकही मागे उरले आहे आणि त्यात ही सगळी माणसे पुढे काय बोलतील ते आधीच लिहिलेले आहे. ज्याच्या विरोधात उभे राहून माणूस जगत आला ती राजवटच गेली, तर त्याने कशाच्या आधाराने जगायचे, या प्रश्नाने ‘शोर्शतलनशाग’, ‘कुदार्त्स’, ‘कद्दिश’ आणि ‘फेलसामोलाश’ या कादंबऱ्यांची चौकडी पूर्ण होते.

२००५ मध्ये लायोश कोल्ताई यांनी पहिल्या कादंबरीवर चित्रपट केला. पटकथा केर्तेस यांची, संगीत एन्न्यो मॉरिकोने यांचे. चित्रपट देखणा आहे, आणि तीच त्याची अडचण आहे; सोनेरी-राखाडी प्रकाश आणि सुरेल संगीत यांत मुलाचा कोरडा आवाज बुडतो. २००६ च्या ‘के. दोस्ये’ या पुस्तकात केर्तेस यांनी स्वतःच स्वतःची मुलाखत घेतली आणि खऱ्या-कल्पिताच्या सीमारेषेवरून वाचकांना यथेच्छ खेळवले.

अखेरच्या वर्षांत पार्किन्सनच्या आजाराने हात थरथरू लागले आणि लेखणी सुटली. संगणकावर नोंदी चालू राहिल्या. त्यांतून निघालेले ‘ए व्हेग्श्यो कोच्मा’ (अखेरची खानावळ) हे पुस्तक २०१४ मध्ये हंगेरियनमध्ये प्रसिद्ध झाले. म्हातारपण, देहाची विटंबना, प्रसिद्धीचा वीट यांवर त्यात निर्दय स्पष्टपणे लिहिले आहे. युरोपच्या भवितव्याविषयीची काही विधाने त्यांच्या चाहत्यांनाही पचली नाहीत. मायदेशाशी नाते शेवटपर्यंत अवघड राहिले. २००९ मध्ये एका जर्मन वृत्तपत्राशी बोलताना त्यांनी बुडापेस्टवर टीकेची झोड उठवली, तेव्हा हंगेरीत गदारोळ झाला. २०१२ मध्ये त्यांचा लेखनसंग्रह बर्लिनच्या कला अकादमीकडे गेला. त्यानंतर आजारपणामुळे ते बुडापेस्टला परतले आणि २०१४ मध्ये व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारच्या काळात त्यांनी संत इश्तवान सन्मान स्वीकारला. या वेळी नाराज झाले ते ओर्बान यांचे विरोधक. अंत्यसंस्कार बुडापेस्टच्या फियुमे रस्त्यावरच्या राष्ट्रीय दफनभूमीत झाले. विसाव्या शतकातल्या पूर्व युरोपचा अभ्यास करणारे त्यांच्या नावाचे केंद्र जर्मनीतल्या येना विद्यापीठात २०१० पासून होते; त्यांच्या मृत्यूनंतर बुडापेस्टमध्येही त्यांच्या नावाची संशोधनसंस्था स्थापन झाली.